मांजर आधी शिकलं

मला नववं वर्ष लागलं तेव्हा वडिलांनी मला वेळापूरहून सोलापूरला काकांकडे आणून सोडलं. काका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि शहरात मुलींची शाळा होती. "पोरगी शिकून काय करनार हाय?" असं गावात सगळ्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "भावाच्या मनात हाय, शिकू दे." खरं कारण मला फार उशिरा कळलं. काकू दिवसभर घरात एकटी असायची आणि अलीकडे बोलेनाशी झाली होती. मला आणलं ते शाळेसाठी तर होतंच, पण तिच्यासाठीही होतं.

भवानी पेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढे काकांची बैठक, मागे स्वयंपाकाची खोली, तिच्याच कोपऱ्यात मोरी. काकू आणि मी मागच्या खोलीत झोपायचो. अंगण इतर बिऱ्हाडांशी सामाईक होतं, आणि ती बिऱ्हाडं सगळी विणकरांची. उजाडलं की मागांची खटखट सुरू व्हायची आणि तेलुगू बोलणं कानावर यायचं. त्यातलं मला अक्षर कळत नसे. संडास अंगणाच्या पार टोकाला, सगळ्यांचा मिळून एक.

त्या संडासाची मला भीती वाटायची. गावी आम्ही पोरी ओढ्याच्या बाजूला, मोकळ्या रानात जायचो. इथे अंधारी खोपटी, पत्र्याचं दार आणि पायाखाली पोकळी. पोकळीत मैल्याची टोपली असे आणि सफाईवाले ती मागच्या गल्लीतून बाहेर ओढून नेत. एकदा मी आत बसलेली असतानाच खालची टोपली खर्रकन सरकली आणि मागून उजेड आला. मी तशीच उठून पळाले. तेव्हापासून दिवसासुद्धा मी तिथे जायचं टाळू लागले. रात्री तर नाहीच.

आणि मग मी अंथरुणात मुतू लागले.

हे लिहितानाही हात अडतो. गावी असताना मला ही खोड नव्हती. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, पाणी सांडलं असेल. दुसऱ्यांदा तसं म्हणता येईना. मी वाकळ कोरडी बाजू वर करून घडी घातली आणि इतर वाकळींच्या खाली सारली. दोन दिवसांत वास सुटला. काकूनं घडी उलगडली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता वाकळ धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दोरीवर ती वाकळ दिवसभर वाळत राहिली. मी शाळेतून आले तेव्हा शेजारच्या बाया उंबऱ्यात बसून रिळं भरत होत्या. त्या एकमेकींशी हसून काहीतरी बोलत होत्या. त्या माझ्याबद्दल बोलत होत्या की दुसऱ्याच कशाबद्दल, मला आजही ठाऊक नाही. मी मान खाली घालून घरात शिरले.

काकूनं उपाय सुरू केले. दिवेलागणीनंतर पाणी बंद. झोपताना तिळाचा लाडू. कुणीतरी सांगितलं म्हणून कमरेला काळा दोरा. चार दिवस कोरडे गेले की ती लाडू जरा मोठा वळायची, आणि पाचव्या दिवशी पुन्हा दोरीवर वाकळ. ती कधी बोलली नाही. फक्त सकाळी उठल्या उठल्या तिचा हात माझ्या अंथरुणावरून फिरायचा. त्या हाताची वाट बघत मी डोळे मिटून पडायची.

त्याच दिवसांत घरात मांजर आलं. ज्वारीच्या पोत्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. गिरणीच्या गोदामात मांजरी पुष्कळ. काकांनी एका संध्याकाळी कोटाच्या खिशातून एक पिल्लू काढून बैठकीत ठेवलं. करड्या रंगाचं, पाठीवर काळे पट्टे, दूध नुकतंच सुटलेलं. ते उंदीर काय मारणार, उंदीरच त्याला घेऊन गेले असते. पण काकूनं वाटीत भाकरी कुस्करून दूध घातलं आणि ते जेवत असताना ती त्याच्याकडे बघत बसली. "लई भुकेजलंय," एवढं म्हणाली. मी आल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवण्याआधी काकू भांडी घासायला राख काढायला बसली. चुलीत हात घातला आणि तिनं तो झटकन मागे ओढला. पिल्लानं रात्री चुलीत घाण केली होती आणि वर नीट राख लोटून ठेवली होती.

काकू हात धरून तशीच बसून राहिली. मग उठून न्हाली. सगळी राख बाहेर फेकली. चूल शेणामातीनं सारवली, सुकू दिली, हळदकुंकू वाहिलं. तोवर काकांची ऑफिसची वेळ झाली. ते कालच्या शिळ्या भाकरीवर शेंगाची चटणी घेऊन जेवले.

"अन्नाच्या जागी," काकू म्हणाली. "चूल बाटली माजी."

"मुकं जनावर आहे," काका म्हणाले. "त्याला काय चूल आन् काय मसणवटा. जिथं राख दिसली तिथं बसलं."

"मग न्हेऊन सोडा."

पण संध्याकाळी काका नेऊन सोडायला उठले नाहीत आणि काकूनंही आठवण केली नाही. रात्री झोपण्यापूर्वी तिनं चुलीचं तोंड तव्यानं झाकलं आणि वर पाटा ठेवला. सकाळी घाण ज्वारीच्या पोत्यामागे सापडली. त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या घडी घातलेल्या फेट्यावर.

फेटा बघून काका हसले नाहीत. काकूनं मला जवळ बोलावलं. "हे आता तुज्याकडं," ती म्हणाली. "त्याला शिकीव. न्हाय शिकलं तर हितं ऱ्हायाचं न्हाय."

तिनं मला का सांगितलं असेल? दिवसभर काम तिलाच, म्हणून असेल. पण मला वाटलं, हिला माझ्यातलं आणि मांजरातलं सारखं काय ते दिसलंय. माझे कान तापले.

एक तळ गंजलेलं घमेलं अंगणात पडलं होतं. मी त्यात वाळू भरली आणि मोरीच्या कडेला ठेवलं. पिल्लू त्यात उभं राहिलं, वास घेतला आणि बाहेर येऊन पोत्यामागे गेलं. मी त्याला उचलून परत ठेवलं, ते परत गेलं. मग मला चूल आठवली. त्याला राख हवी होती. मी वाळू फेकून चुलीतली थंड राख घमेल्यात चाळून घातली, आणि पोत्यामागची थोडी घाण खापराच्या तुकड्यावर घेऊन तिच्यात मिसळली, म्हणजे जागा त्याला ओळखीची वाटेल. त्याचं जेवण झालं की लगेच उचलून घमेल्यात ठेवायचं, पुढचा पाय हातात धरून राख उकरून दाखवायची, आणि ते बसेपर्यंत न हलता शेजारी बसायचं. झोपेतून उठलं की पुन्हा तेच. पोत्यामागची जागा मी शेणानं सारवली, वर कडुलिंबाचा पाला टाकला. शाळेतून आले की दप्तर ठेवून पहिलं घमेलं बघायचं. घाण असेल तर काढायची, नवी राख घालायची. घाणेरडं राहिलं की ते त्यात जात नसे, हे मला लवकर कळलं. माझ्या मनात यायचं, त्यालाही संडास स्वच्छ लागतो.

एकदा मी चुकून त्याला रागावले. ते पुन्हा पोत्याकडे गेलं होतं आणि मी त्याचं नाक घाणीजवळ नेऊन पाठीवर चापट मारली. ते सबंध दिवस पोत्याच्या आड दडून बसलं आणि रात्री तिथेच पुन्हा घाण केली. मग मी मारणं सोडलं.

पंधरवडा गेला नसेल, एका सकाळी राख खरवडल्याचा आवाज आला. मी मान वर करून पाहिलं. पिल्लू आपलं आपण घमेल्यात बसलं होतं, कान मागे पाडून, समोर कुठेतरी बघत. झाल्यावर ते वळलं, वास घेतला, राख लोटली आणि काकूच्या पायाशी जाऊन निजलं. काकूनंही पाहिलं. "शिकलं की गं," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या घरात मला मिळालेलं ते पहिलं कौतुक. ते मला पुरतं घेता आलं नाही, कारण माझं अंथरूण ओलं होतं आणि मी अजून त्याच्यावरून उठले नव्हते.

त्या संध्याकाळी काका जेवायला बसले. मी वाढत होते. पिल्लू घमेल्यातून उडी मारून बाहेर आलं. काका कौतुकानं म्हणाले, "बघा, मांजराच्या जातीला कळलं. माणसाच्या जातीला कधी कळतंय देव जाणे." ते हसत होते. काका वाईट माणूस नव्हते. मला वह्या आणून द्यायचे, पाढे म्हणून घ्यायचे. पण माझ्या हातातलं भाकरीचं ताट वाकडं झालं. काकू म्हणाली, "जेवा गुमान." एवढंच. त्यानंतर मी दुपारपासूनच पाणी प्यायचं सोडलं. शाळेत ओठ फुटायचे. उपयोग झाला नाही.

थंडीत बार्शीहून काकूची थोरली बहीण आली. काकू तिला आक्का म्हणायची, मला मावशी म्हणायला सांगितलं. धिप्पाड बाई, बोलणं मोजकं. ती कशासाठी आली ते मला कुणी सांगितलं नाही, पण ती मला चालायला लावायची, भाकरी थापायला बसवायची, दात बघायची. तिच्या दिराच्या मुलासाठी मुलगी बघणं चाललं होतं. तेव्हा ते वय लग्नाचंच होतं. काकूनं मला नवं परकर-पोलकं घातलं आणि बजावलं, "ह्या दिवसांत जपून बरं का." कशाला जपायचं ते दोघींनाही ठाऊक होतं.

मावशीचं अंथरूण आमच्या खोलीतच, माझ्या शेजारी. पहिली रात्र मी जागून काढली आणि सकाळी शाळेत पेंगले. दुसऱ्या रात्री मला जागता आलं नाही.

जाग आली ती मावशीच्या आवाजानं. "हे काय गं? माजं लुगडं भिजलंय."

ती उठून बसली होती. ओल माझ्या वाकळीतून तिच्या सतरंजीवर गेली होती. मी डोळे उघडले नाहीत. काकू चुलीपाशी होती. मी तिच्या बांगड्या ऐकल्या. ती आली, वाकली, आणि क्षणात म्हणाली, "मांजर हाय की घरात. त्यानंच केलं आसंल मेल्यानं."

"मांजर हातरुनात मुततंय आन् तू पाळतीस व्हय?"

"आजून बारकं हाय, आक्का."

"बारकं असू दे न्हायतर मोठं. एकदा हातरुनात सवय लागली की जनमभर जात न्हाय. फेकून दे."

बैठकीतून काकांनी ऐकलं. मेहुणीच्या देखत त्यांना काय करावं सुचलं नसेल. ते रिकामं पोतं घेऊन आत आले. "आज जाताना सोडतो पलीकडं, रुळाच्या अंगाला," ते म्हणाले. मी डोळे उघडले तेव्हा पिल्लू मोरीच्या कडेला घमेल्यात बसलं होतं. काकांनी त्याला तिथूनच उचललं, राखेच्या पायांनी. त्यानं पोत्याच्या तोंडाला नखं रोवली. काकांनी एकेक नख सोडवलं आणि पोत्याचं तोंड आवळलं.

मी उठून उभी राहिले. परकर मागून ओला होता आणि तो पायाला चिकटला.

"त्यानं न्हाय केलं," मी म्हणाले. "मी केलं."

मावशीनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं काकूकडे बघितलं, बराच वेळ. काकूच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. काकांनी पोतं खाली ठेवलं. पिल्लू बाहेर आलं, अंग झाडलं आणि ज्वारीच्या पोत्यामागे पळालं.

"आसं," मावशी म्हणाली, आणि लुगडं बदलायला मोरीत गेली.

तो दिवस कसा गेला सांगता येत नाही. मला शाळेत पाठवलं नाही. मी वाकळ आणि सतरंजी दोन्ही धुतल्या. दुपारी मावशी सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली आणि मला समोर बसवलं.

"रोज व्हतंय का?"

"रोज न्हाय."

"गावाकडं व्हायचं?"

"न्हाय."

तिनं खडे वेचले, सूप आपटलं. मग काकूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पोरगी आजून ल्हान हाय. आमच्याकडं बी तशी घाई न्हाय." काकू चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं "व्हय" म्हटलं. दुसऱ्या सकाळी मावशी टांग्यातून स्टेशनावर गेली. कुर्डुवाडीला गाडी बदलून तिला बार्शी गाठायची होती. जाताना तिनं माझ्या हातावर खाऊला आणा ठेवला. मी तिच्या पाया पडले, पण मान वर केली नाही.

टांगा गेल्यावर मला वाटलं आता मार बसेल. काकू आत आली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"तुज्यासाटीच खोटं बोलले की मी," ती म्हणाली.

"मांजराला सोडलं असतं, काकू."

"सोडलं आसतं. मांजर गेलं आसतं तर दुसरं आलं आसतं. गोदामात चिक्कार हायती. तुज्याजागी दुसरी कोन येनार हाय?"

कालपासून मनात कुठेतरी बारीकसा अभिमान होता, की मी खरं बोलले, मुक्या जीवाला वाचवलं. तो त्या एका वाक्यानं गेला. आपल्या थोरल्या बहिणीसमोर ती खोटी ठरली होती, आणि ते मी केलं होतं. जन्मात कधी कुणाला उलट न बोललेली बाई. मी रडू लागले तेव्हा तीही रडत होती, पण तिनं मला जवळ घेतलं नाही. पदर तोंडाला लावून नुसती बसून राहिली.

मग पदर खाली घेऊन तिनं विचारलं, "रातीला उठाया काय व्हतंय तुला? मला हाक मारायची."

आणि मी तिला टोपलीचं सांगितलं. खालून सरकली ते, मागून उजेड आला ते, कुणीतरी बघितलं असेल ते.

"आन् हे आदी का न्हाय सांगितलंस?"

"लाज वाटली."

तिळाचे लाडू, काळा दोरा, पाणी बंद, आणि इतक्या महिन्यांत काकूनंही एकदा विचारलं नव्हतं. तिच्या मनात ते आलं असावं, कारण ती एकदम उठली आणि काही कारण नसताना भांड्यांची आवराआवर करू लागली.

त्या रात्रीपासून मी मोरीतच बसावं असं ठरलं. काकूनं तिथे पाण्याची बादली भरून ठेवली आणि रॉकेलची चिमणी रात्रभर बारीक ठेवली. झोपण्यापूर्वी एकदा ती मला हाताला धरून न्यायची आणि पाठ करून उभी राहायची. मला त्याचीही लाज वाटायची. एका बाजूला मांजराचं घमेलं, दुसऱ्या बाजूला मी. पण तिळाचे लाडू बंद झाले आणि पाणी सुरू झालं. खोड लगेच गेली नाही. कमी झाली, मग क्वचित, मग परीक्षेच्या दिवसांत एखाद्या वेळी, आणि एका पावसाळ्यानंतर आठवत नाही की पुन्हा झालं. दिवसाचा संडासही मी हळूहळू वापरू लागले. आधी काकू दाराबाहेर उभी राहायची, नंतर तिची गरज उरली नाही.

मांजर मोठं झालं तसं बाहेर जाऊ लागलं आणि घमेलं काकूनं अंगणात कोथिंबीर लावायला घेतलं. चुलीवर मात्र तिनं शेवटपर्यंत रात्री तवा आणि पाटा ठेवणं सोडलं नाही.

बार्शीहून पुन्हा कधी विचारणा आली नाही. काकांनी वडिलांना काय कारण सांगितलं मला माहीत नाही. माझी शाळा चालू राहिली आणि मी सातवीपर्यंत शिकले. त्या मुलाशी लग्न झालं असतं तर शाळा तिसरीतच सुटली असती, असं मला लोक सांगतात, आणि मीही हसून हो म्हणते. पण घरात बार्शीचं नाव निघालं की मी उठून आत जायची. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, याचा हिशेब डोक्यात सुरू व्हायचा. शाळेतल्या मुली कुजबुजल्या की मला ती दोरीवरची वाकळ दिसायची.

पुढे लग्न अक्कलकोटच्या बाजूला ठरलं. सासरी अर्धं बोलणं कानडीत. निघायच्या आदल्या दिवशी काकूनं माझी पेटी भरली. सासरी गेल्यावर मी पेटी उघडली तेव्हा लुगड्यांच्या तळाशी एक मेणकापड निघालं. अंथरुणाएवढं कापलेलं, नीट घडी घातलेलं. तोवर मी कित्येक वर्षं कोरडी झोपत होते आणि काकूला ते माझ्याइतकंच माहीत होतं.

मी ते पुन्हा तळाशी सारलं आणि वर सगळी लुगडी रचली. सासूनं महिन्याभरात पेटी आवरताना ते पाहिलंच. "हे कशाला गं?" तिनं विचारलं.

"पुढं लेकरांना लागतं, म्हणून काकूनं दिलंय," मी म्हणाले.

"शहाणी दिसतीया तुजी काकू," सासू म्हणाली आणि घडी घालून परत ठेवलं.

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. नव्या घरातली पहिली वर्षं मी रात्री दोनदोनदा उठून अंथरुणावरून हात फिरवायची, अगदी काकू फिरवायची तसा. नवरा एकदा जागा होऊन म्हणाला, "काय शोधतीस?" मी म्हणाले, "मुंगी चावली."